रहमानभाईंचं टेस्टिंग

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांना म्युझिक बसवून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, आणि प्रत्येक दुकानाचं टेस्टिंगचं एक ठरलेलं गाणं असतं. स्पीकर बसवले की ते गाणं ठणाणा लावायचं, गिऱ्हाईक खूश, खलास. रहमान मुकादम यांच्याकडे असलं गाणं नव्हतं. त्यांच्याकडे बायको होती.

म्हणजे असं, की काम झालं की ते गाडीत बसायचे, चारी काचा वर घ्यायचे, आपला फोन गाडीला जोडायचे आणि रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी साजिदाभाभींना फोन लावायचे. डोळे मिटून घ्यायचे. एक बोट दारातल्या स्पीकरच्या जाळीवर टेकवायचे. मग चारी दारांतून साजिदाभाभी विचारायच्या, "ओ, जेवलात काय?" आणि रहमानभाई स्पीकर पास करायचे.

मी इग्नेशियस, मूळचा वसईचा. इथल्या एका हॉस्पिटलात अपॉइंटमेंटच्या काउंटरवर बसतो आणि मदिनत खलीफातल्या एका व्हिलाच्या पाठच्या तीन खोल्यांत बायको लूर्द आणि मुलगी ॲश्लिन यांच्याबरोबर राहतो. आमची गाठ पडली दहा वर्षांपूर्वी. माझ्या गाडीतले स्पीकर घरघरायला लागले म्हणून ती त्यांच्या दुकानात टाकली होती. घ्यायला गेलो, तर माझ्याच गाडीतून एक बाई अस्सल कोकणी बोलीत सांगत होती, "शफान आज परत डबा तसाच आनलान. तुमी जरा ओरडा तिला." परक्या मुलखात स्वतःच्या गाडीच्या तोंडून मराठी ऐकल्यावर माणूस जिथल्या तिथे उभा राहतो. मीही राहिलो. शफा म्हणजे त्यांची मुलगी, हे मला तिच्या बापाचं नाव कळायच्या आधी कळलं.

"गान्यात फसवाफसवी असता, इग्नेशियसभाय," त्यांनी नंतर चहावर सांगितलं. "ढोल वाजला की खराब स्पीकर पन चांगला वाटता. मानसाचा आवाज लपवता येत नाय. आनि साजिदाचा आवाज मना पाठ हाय. त्यात जराशी घोगर आली की समजायचा, स्पीकरात खोट हाय, नायतर तिला सर्दी हाय."

आवाज पाठ असण्याला आणखी एक कारण होतं. ते गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, भाभी माहेरच्या उर्दू शाळेत. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यायचं नाही. लग्नानंतर चार महिन्यांनी ते कतारला आले ते आलेच. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. बाकीचा सगळा संसार आवाजावर चाललेला. व्हिडिओ कॉलची सोय आली तेव्हा मी म्हटलं, आता मजा आहे तुमची. तर म्हणाले, "कसली मजा! ती फोन फळीवर ठेवून भाकऱ्या थापता. मना दिसतो तो पंखा."

महिन्यातून एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतून बस बदलत यायचे, हातात कोकमांची पिशवी. लूर्दच्या हातचं माशाचं कालवण त्यांना आवडायचं आणि मला ते आवडायचे, कारण माझ्या विनोदांना हसणारा तो एकटाच माणूस होता. लूर्दला माझे विनोद पाठ आहेत. ॲश्लिन "डॅडी, प्लीज" म्हणून ताट घेऊन उठते. रहमानभाई मात्र मोकळेपणी हसायचे. गेल्या दोन वर्षांत तर जास्तच. मी गोष्ट संपवून हसलो रे हसलो, की तेही हसायचे. कदर करणारा माणूस भेटला की आपल्याला त्याच्यात दुसरं काही दिसत नाही. मला दिसलं नाही.

तसं दिसण्यासारखं होतं. एका थंडीत आम्ही त्यांना समैस्माला समुद्रावर घेऊन गेलो. सगळे पाण्यात पाय बुडवून उभे, आणि हे माझ्या गाडीत काचा वर करून बसलेले. चाळीस मिनिटं. मी जाऊन बघितलं तर डोळे मिटलेले, बोट दारावर, आणि भाभींचा आवाज एवढा मोठा की गाडीच्या काचा थरथरत होत्या. मी लूर्दला म्हटलं, बघ, वीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस बायकोसाठी समुद्र सोडतो. लूर्द म्हणाली, "शिका काहीतरी." झालं. तेवढ्यावर तो विषय संपला.

मग गेल्या वर्षी ती भानगड झाली.

रहमानभाईंच्या फोनला शफाने आईचं नाव देऊन ठेवलं होतं. हे टेस्टिंग करायचे आणि फोनची जोडणी गाडीतून पुसायला विसरायचे. एका गिऱ्हाइकाने गाडी घरी नेली, संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून चावी फिरवली, आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, की साजिदा सापडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावी, पुन्हा साजिदाचा शोध. तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ दुकानात येऊन असा काही ओरडला की शेजारच्या टायरवाल्यांनी काम थांबवलं. दुकानाचा नवीन मॅनेजर चेतन म्हणून एक तरुण आहे, माणूस वाईट नाही. त्याने भिंतीवर कागद चिकटवला. गिऱ्हाइकाच्या गाडीला स्वतःचा फोन जोडायचा नाही. टेस्टिंग पेन ड्राइव्हवरच्या गाण्याने.

मी ही गोष्ट हॉस्पिटलात तिखटमीठ लावून महिनाभर सांगितली. रहमानभाईंच्या तोंडावर सांगितली तेव्हा ते हसले, पण जरा उशिरा.

त्या भानगडीला वर्ष होत आलं तेव्हा एका शुक्रवारी जेवण झाल्यावर ते घुटमळायला लागले. माझ्या माळ्यावर एक जुना रिसीव्हर, म्हणजे घरी गाणी लावायचा ॲम्प्लिफायर, पडून होता. ख्रिसमसच्या पार्टीला लागतो म्हणून मोठ्या हौसेने घेतलेला आणि आता गव्हाणीच्या खोक्याखाली दबलेला. त्याची चौकशी केली. चालतो का? लागतो का? कोणाला द्यायचाय का?

"अहो रहमानभाई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? पाहिजे तर घेऊन जा."

मग त्यांनी बेत सांगितला. मोडीत निघालेल्या एका मोठ्या जीपचे चार स्पीकर त्यांनी काढून ठेवले होते. ते रिसीव्हरला जोडून रूमवर ठेवायचे. रूममध्ये चार जण, पण जुम्म्याला नमाज आणि जेवण उरकून बाकीचे तिघे क्रिकेटला जातात. "तेवढा तास-दीड तास मना पुरे. फोन त्याला जोडायचा आनि साजिदाशी बोलायचा."

"फोन कानाला लावायची बंदी आहे का?" मी म्हटलं. "बायकोला काय लाऊडस्पीकरवर घेता? निवडणूक आहे का?"

मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "फोनात आवाज मरता, इग्नेशियसभाय." एवढंच. आणि मी, अपॉइंटमेंटच्या काउंटरवर बसणारा माणूस, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे रोज पन्नास माणसं पाठवणारा, मी त्यांना आणखी भात वाढला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून ते आले ते टॅक्सीतून. दोन लाकडी खोकी, माल येतो त्या पेट्यांची फळी कापून केलेली. प्रत्येक खोक्यात दोन स्पीकर बसवलेले, आत जुन्या उशीचा कापूस ठासलेला. खोकं नसेल तर गाडीचा स्पीकर नुसता चिवचिवतो, म्हणाले. आधी आमच्याकडे जुळवून बघायचं, नीट चाललं की रूमवर न्यायचं, असं ठरलेलं. टीव्हीखालच्या टेबलावर रिसीव्हर मांडला. लूर्दने खाली जुनी चादर घातली.

काम करताना रहमानभाईंना बोलायला आवडायचं. "हे गाडीचे स्पीकर चार ओहमचे. तुमचा रिसीव्हर आठाचा. आता समजा, स्पीकर म्हंजे नळ. चारवाला मोठ्या तोंडाचा नळ. आनि रिसीव्हर म्हंजे टाकीवरची मोटर. दोन नळ बाजूबाजूला लावून एकदम सोडले तर मोटर धापा टाकता, जलता. पन एकाच्या पाठी एक लावले तर पानी बेतान जाता. चार आनि चार आठ. गाडीतला ॲम्प्लिफायर दांडगा असतो, त्याला बाजूबाजूला चालता. घरच्याला नाय सोसवत. ही चूक गाडीवाले हमखास करतात." आणि त्यांनी दोन्ही खोक्यांतल्या तारा एकापाठी एक अशा जोडल्या, स्वच्छ, टेप गुंडाळून, एकही धागा बाहेर नाही.

फोन वायरने जोडून रिसीव्हरच्या माथ्यावर ठेवला आणि भाभींना लावला.

"हां, बोला," साजिदाभाभी आमच्या दिवाणखान्यात म्हणाल्या. इतका छान आवाज. जणू टीव्हीच्या पाठीमागेच बसल्या आहेत. लूर्द स्वयंपाकघरातून डोकावली आणि हाताने मला खूण केली, मस्त.

रहमानभाई जमिनीवर मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, बोट स्पीकरच्या कागदावर. त्यांनी आवाजाचं बटण जरा फिरवलं. आणखी जरा. मग कपाळाला आठी घातली. "कमी येता," म्हणाले, आणि फोनकडे वळून, "साजिदा, थांब गो. पाच मिन्टात परत लावतो."

आणि तारा सोडायला बसले. मी बघत होतो. एकापाठी एक लावलेल्या तारा ते बाजूबाजूला लावत होते.

"रहमानभाई, हे काय? आत्ताच तुम्ही सांगितलंत ना, मोटर जळते म्हणून?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "ओ रहमानभाई!" मी म्हटलं. तेव्हाही नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा वळले.

"थोडा वेल चालता," म्हणाले. "गाडीत असाच लावतो आमी." वीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा सुधारणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने चुकीचं जोडलं. मला वाटलं, वय झालं.

फोन पुन्हा लागला. या वेळी भाभींचा आवाज दणकन आला. त्यांनी बटण फिरवलं. आवाज फाटायला लागला. आणखी फिरवलं. शोकेसमधले ग्लास किणकिणले. भाभी काहीतरी विचारत होत्या, पण त्या आरड्यात शब्द राहिलेच नव्हते. लूर्द पदर कानाला लावून धावत आली. आतल्या खोलीतून ॲश्लिन ओरडत आली, "अंकल! इट्स टू लाऊड! डॅडी, टेल हिम!"

रहमानभाई डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं.

तेवढ्यात रिसीव्हरमध्ये टक् असा आवाज झाला आणि सगळं गप्प झालं. समोरच्या पट्टीवर लाल अक्षरं उमटली. मोटरने मान टाकली होती. खोलीत एसीची घरघर तेवढी राहिली.

"हां," रहमानभाई म्हणाले.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"हां गो. बराय." जरा थांबले. "हां. हां." पुन्हा थांबले, समोरचा माणूस बोलत असताना आपण थांबतो तेवढेच. "इन्शाल्ला."

स्पीकर मेलेले होते. त्यांना ते कळलं नव्हतं. दिवाणखान्याच्या मधोमध बसून तो माणूस कसल्याच आवाजाला उत्तरं देत होता, आणि ती उत्तरं अगदी मापात पडत होती. किती महिन्यांची सवय असेल, तेव्हा ती मापात पडायला लागतात. त्या क्षणी मला माझे सगळे विनोद आठवले. मी हसल्यावर हसणारा माणूस आठवला. लूर्दने ॲश्लिनला जवळ ओढलं.

फोन अजून चालू होता. मी पुढे होऊन वायर उपसली आणि फोनचा स्पीकर सुरू केला. माझी कल्पना अशी, की भाभींना सांगावं, जरा बिघाड झालाय, नंतर लावतो. पण त्या बोलतच होत्या. त्या बारीक, पत्र्यासारख्या आवाजात सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"...वरीसभर बघताय मी. काय पन बोला, तुमचा हां नि हां. शफाचा कालेज सांगितला तरी हां, अम्मी पडल्या सांगितला तरी हां. पयले तुमी तासतास बोलायचात. आता खरा काय ता सांगा. मी रडनार नाय, वरडनार नाय. माझा कंटाला आलाय ना तुमाला?"

आणि रहमानभाई, डोळे मिटलेले, बोट मेलेल्या स्पीकरवर, मायेने म्हणाले, "हां गो, हां."

मी "भाभी, भाभी" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा आम्ही तिघंही त्यांच्यासमोर उभे होतो. त्यांनी आधी आमच्या तोंडांकडे बघितलं, मग लाल अक्षरांकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे. बोट हळूच स्पीकरवरून काढलं.

"कवा बंद झाला?" त्यांनी विचारलं.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला होता, उजवा दोन वर्षांपासून चाललाय. बंद गाडीत, चार दारांतून, बोटाला थरथर लागली की शब्द जुळायचे. अर्धे कानाने, अर्धे बोटाने. म्हणून टेस्टिंग लांबत गेलं होतं. दुकानातला कागद भिंतीवर लागला त्या दिवसापासून भाभींचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. कोणाला सांगितलं नाही, कारण आवाज पास करणारा माणूसच बहिरा म्हटल्यावर दुकानात कोण ठेवील? आणि भाभींना का नाही सांगितलं, हे मी विचारलं, मोठ्याने, दोनदा. तेव्हा ते म्हणाले, "ती बोलायचीच बंद होईल. मना ऐकाया येत नाय म्हटल्यावर कोनाशी बोलल?"

मग म्हणाले, "काय इचारत होती?"

मी लूर्दकडे पाहिलं. लूर्दने मान फिरवली. असली गोष्ट माणसाच्या कानात ओरडून कशी सांगायची? मी रिसीव्हरचं खोकं पुढे ओढलं आणि त्याच्या पुठ्ठ्यावर भाभींचं वाक्य मराठीत लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'तुम्ही हां म्हणालात.'

रहमानभाईंनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"मी?" म्हणाले.

आम्ही फोन लावला. भाभींनी उचलला नाही. माझ्या फोनवरून लावला, तोही नाही. लूर्द म्हणाली, "व्हॉइस मेसेज टाका, रहमानभाई. खरं काय ते सांगून टाका. बाई समजून घेईल." मी ते पुठ्ठ्यावर लिहिलं. त्यांनी फोन तोंडाशी धरला, दोनदा घसा खाकरला, आणि पहिल्यांदा कोणाला तरी स्वतःहून सांगितलं, "साजिदा, मना ऐकाया येत नाय गो. दोन वरसा झाली. तू काय इचारलास ता मना कललाच नाय."

लूर्दचे डोळे भरले. मलाही हायसं वाटलं. आता सगळं नीट होईल असं मला खरंच वाटलं, एवढा मी उंटावरचा शहाणा.

भाभींनी तो मेसेज ऐकला, हे फोनवर दिसलं. पाच मिनिटं काही नाही. ॲश्लिन कोणी न सांगता पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि रहमानभाईंसमोर ठेवून तिथेच खाली बसली. मग भाभींचा मेसेज आला. रहमानभाईंनी फोन माझ्या हातात दिला.

मी तो कानाला लावला. भाभी रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. थकलेल्या आवाजात बोलत होत्या. ऐकून मी खोक्याची दुसरी बाजू वर केली आणि माझ्या मराठीत शब्दाला शब्द लिहून काढलं, कारण गाळण्याचा मला हक्क नव्हता.

'अख्ख्या दोह्याच्या गाड्या तुमच्या कानावर पास होतात. मला सर्दी झाली तर तुम्हाला तिथे बसून कळायची. आणि आज सांगताय, ऐकू येत नाही. बहाणा तरी बरा शोधायचा होता. मी समजले. आता त्रास घेऊ नका.'

ते वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मी म्हटलं, मी बोलतो भाभींशी, लूर्द बोलेल, डॉक्टरची चिठ्ठी मी आणून देतो, शफाला सांगू. हे सगळं मी भिंतीला सांगत होतो. त्यांची नजर पुठ्ठ्यावर होती.

"बरोबर हाय तिचा," ते म्हणाले. "मी असतो तर मी पन नसता मानला."

मग त्यांनी फोन माझ्याकडून घेतला, चादरीवर ठेवला आणि त्याच्या खालच्या बारीक भोकांवर बोट टेकवलं. "जरा परत लावा तिचा. काय बोलता ता नका सांगू. नुसता लावा."

मी मेसेज लावला. रहमानभाईंनी डोळे मिटले. भाभी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलल्या, आम्ही तिघांनी ऐकलं, आणि फोन गप्प झाला. बोट तिथेच होतं.

"संपला काय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ते तसेच बसून राहिले, डोळे मिटून, वाट बघत. मी पुन्हा एकदा हो म्हणालो.